वॉटसन हॉटेल : लोखंड आणि माणसं



स्मृतिव्याख्यानासाठी वक्ता बहुधा एखाद्या थोर माणसाचं चरित्र निवडतो किंवा एखादा विचार. मी एक इमारत निवडली आहे, तीही मोडकळीला आलेली. मुंबईत काळा घोडा भागात, महात्मा गांधी रस्त्यावर, सत्र न्यायालयाच्या जवळ एस्प्लनेड मॅन्शन नावाची पाच मजली इमारत आहे. जहांगीर कलादालनात चित्रं पाहायला जाणारी माणसं तिच्या जवळून जातात. पण तिच्याकडे मान वर करून पाहणारे थोडेच, आणि पाहणाऱ्यांपैकी बहुतेकांना ती आता पडेल की मग पडेल एवढीच काळजी वाटते. हेच एकेकाळचं वॉटसन हॉटेल.

या हॉटेलाबद्दल दोन गोष्टी आपल्याकडे हमखास सांगितल्या जातात. जमशेटजी टाटांना इथं दारातूनच परत पाठवलं म्हणून त्यांनी ताजमहाल हॉटेल बांधलं, ही एक. हिंदुस्थानातला पहिला सिनेमा इथं दाखवला गेला, ही दुसरी. पहिल्या गोष्टीला भक्कम पुरावा नाही. दुसरी खरी आहे. पण या दोन्ही गोष्टी सांगून झाल्या की आपण या इमारतीला मोकळं करतो, आणि माझी तक्रार तिथंच आहे. या वास्तूचं मोठेपण तिथं कोण उतरलं किंवा कोणाला उतरू दिलं नाही यापेक्षा ती कशी उभी राहिली, तिथं कोण राबलं आणि हॉटेल संपल्यावर तिथं कोण राहिलं, यात आहे.

सुरुवात कापसापासून करावी लागेल. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं, लँकेशायरच्या गिरण्यांना तिकडचा कापूस मिळेना आणि आपल्या कापसाचा भाव आभाळाला भिडला. मुंबईत पैशाचा पूर आला. त्याच सुमारास गव्हर्नर बार्टल फ्रिअर यांच्या कारकिर्दीत कोटाच्या भिंती पाडायला घेतल्या गेल्या. भिंतींबाहेरचं मोकळं मैदान, ज्याला एस्प्लनेड म्हणत, त्याच्या कडेची जमीन भूखंड पाडून विकायला निघाली. आज आपण जिला दक्षिण मुंबईची शोभा म्हणतो ती विद्यापीठाची, उच्च न्यायालयाची, जुन्या सचिवालयाची रांग त्या निर्णयातून उभी राहिली. जॉन हडसन वॉटसन हा कापडाचा इंग्रज व्यापारी. त्यानं १८६४ मध्ये इथले भूखंड घेतले. पुढच्याच वर्षी युद्ध संपलं, कापसाचा भाव कोसळला, शेअरांच्या कागदांची रद्दी झाली आणि मुंबईतल्या बड्याबड्या पेढ्या बुडाल्या. वॉटसन मात्र टिकला आणि त्यानं बांधकाम पुढं नेलं.

त्यानं आराखड्याचं काम दिलं ते रोलँड मेसन ऑर्डिश या इंजिनिअरला. हे नाव आपल्याकडे कुणाला ठाऊक नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं. लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या कामावर ऑर्डिश होता. सेंट पँक्रस स्टेशनच्या प्रचंड कमानी छताच्या कामात तो होता, रॉयल अल्बर्ट हॉलच्या घुमटाच्या कामात होता, आणि टेम्स नदीवरचा अल्बर्ट पूल हे तर त्याचं स्वतःचं काम. एकोणिसाव्या शतकात लोखंडाच्या बांधकामाची उत्तम जाण असलेल्या मोजक्या माणसांत त्याची गणना होते. अशा माणसानं राहण्याजोगी, अनेक मजल्यांची एक आख्खी इमारत लोखंडी सांगाड्यावर उभी केली, आणि ती मुंबईत.

सांगाडा म्हणजे नेमकं काय, हे थोडं थांबून सांगतो, कारण सगळी मेख त्यातच आहे. आपल्या जुन्या वाड्यांत किंवा दगडी इमारतींत बहुतेक भार भिंत पेलते. मजले वाढवायचे तर तळाच्या भिंती जाड करत जायच्या, आणि भिंत जाड झाली की खिडकी लहान होते, उजेड आणि वारा कमी होतो. ऑर्डिशनं भिंतीवरचा हा भार काढून घेतला. बिडाचे खांब आणि लोखंडी तुळया यांची चौकट सगळं ओझं उचलते आणि विटांची भिंत त्या चौकटीत नुसती भरलेली असते. अमुक एक भिंत काढली तरी मजला जागेवर राहतो. आज गल्लीबोळात उभी राहणारी सिमेंट-काँक्रीटची बहुतेक प्रत्येक इमारत याच तत्त्वावर चालते, म्हणून आपल्याला त्यात नवल वाटत नाही. १८६७ ते १८६९ या काळात मात्र ते नवल होतं. इंग्लंडात शिअरनेसच्या गोदीत लोखंडी चौकटीचं एक बोटघर त्याआधी उभं राहिलं होतं, पण ते गुदाम होतं. शिकागोतली होम इन्शुरन्स बिल्डिंग, जिला पुष्कळ जण पहिली गगनचुंबी इमारत म्हणतात, ती १८८५ मधली. म्हणजे गगनचुंबी इमारतींच्या वंशावळीत काळा घोड्याची ही इमारत एक फार जुनी पूर्वज आहे. बांधकामाच्या इतिहासाचे अभ्यासक तिच्याकडे त्याच नजरेनं पाहतात. आपण पाहत नाही.

हा सांगाडा इंग्लंडात, डर्बी इथल्या फिनिक्स फाउंड्रीत ओतला गेला. विटा आणि सिमेंट मेडवे नदीच्या परिसरातून आलं, खांबांच्या बैठकीचा लाल दगड वेल्समधल्या पेनमाइनमावरहून, फरशा मिंटनच्या कारखान्यातून. सुएझचा कालवा खुला झाला नोव्हेंबर १८६९ मध्ये, म्हणजे त्याआधी निघालेला माल आफ्रिकेला वळसा घालून आला असणार. इथं आल्यावर तुकड्याला तुकडा जोडून चौकट उभी केली. भिंती भरण्याआधीचा तो नुसता सांगाडा पाहून त्या काळच्या एका वार्ताहराला जमिनीतून उगवलेला अवाढव्य पक्ष्यांचा पिंजरा आठवला. मैदानात, भोवती दगडी इमारतींची कामं चालू असताना, हे दृश्य लोकांनी कसं पाहिलं असेल! ते खांब उभे करणारे हात इथल्याच मजुरांचे होते. समुद्रापलीकडच्या कारखान्यात पाडलेल्या भोकात इथं बोल्ट बसवायचा, तर हिशेब तसूभरही चुकून चालत नाही. त्या मजुरांपैकी एकाचंही नाव मला सांगता येत नाही.

१८७१ मध्ये हॉटेल सुरू झालं. वेळ अचूक होती. कालव्यामुळे युरोपची बोट आता थेट मुंबईला लागत होती आणि १८७० मध्ये मुंबई-कलकत्ता लोहमार्ग जोडला गेला होता. हिंदुस्थानात येणारा साहेब आधी मुंबईत उतरणार, गाडी पकडण्यापूर्वी एकदोन रात्री काढणार, आणि त्याला धड जागा हवी. वॉटसनकडे १३० खोल्या होत्या. मधोमध तीस मीटर लांब आणि नऊ मीटर रुंद चौक, त्यावर काचेचं छत. तिथं नाच होत. प्रत्येक मजल्यावर रस्त्याकडे डोकावणारे सज्जे, त्यातून खोल्यांमध्ये वारा खेळे. खानपानाच्या दालनात इंग्रज मुली वाढायला असत. हॉटेल गोऱ्यांसाठी होतं आणि तसं असण्यात त्या काळच्या सत्तेला काहीच गैर वाटत नव्हतं.

आता जमशेटजींकडे येतो. जमशेटजींना वॉटसनमध्ये मज्जाव झाला अशी समकालीन नोंद कुणी दाखवलेली नाही, आणि जाणकार इतिहासकार ही गोष्ट दंतकथा मानतात. ताजमहाल हॉटेल १६ डिसेंबर १९०३ रोजी उघडलं. ते उभारण्यामागे जमशेटजींचं या शहरावरचं प्रेम होतं, प्लेगनं खचलेल्या मुंबईला उभारी देण्याची इच्छा होती, आणि चांगल्या हॉटेलाची शहराला गरज होतीच. रागाच्या भरात कुणी एवढी वास्तू उभारत नाही, असं मला प्रामाणिकपणे वाटतं. त्या कथेच्या आवाजात आपण एक नावही गमावून बसलो. ताजचा आराखडा करणाऱ्यांत सीताराम खंडेराव वैद्य हे आपले स्थापत्यकार होते, त्यांच्या जोडीला डी. एन. मिर्झा. वैद्य १९०० मध्ये मलेरियानं गेले आणि काम डब्ल्यू. ए. चेंबर्स यांनी पुरं केलं. अपमानाची कथा घरोघर माहीत आहे. वैद्यांचं नाव किती मराठी घरांत माहीत आहे?

पण मित्रहो, वॉटसनमधल्या अपमानाची एक लेखी साक्ष खरोखर उपलब्ध आहे. जानेवारी १८९६ मध्ये अमेरिकन लेखक मार्क ट्वेन मुंबईत आला आणि या हॉटेलात उतरला. पुढच्या वर्षी त्याचं ‘फॉलोइंग द इक्वेटर’ हे प्रवासवर्णन प्रसिद्ध झालं. त्यात तो लिहितो की सामान घेऊन नोकरांची मिरवणूकच वर आली, एकेकाच्या हातात एकेक वस्तू. एक धिप्पाड जर्मन माणूस व्यवस्था पाहायला बरोबर होता. सज्ज्याकडे उघडणारं काचेचं दार नीट करायचं होतं, म्हणून एक हिंदी नोकर गुडघ्यांवर बसून कामाला लागला. ट्वेनच्या मते त्याचं काम ठीक चाललं होतं. जर्मनाला ते पसंत पडलं नसावं. काय चुकलं ते सांगण्याआधी त्यानं त्या माणसाच्या जबड्यावर एक ठोसा मारला आणि मग चूक दाखवली. नोकरानं तो निमूट सोसला. तोंडातून शब्द काढला नाही, चेहऱ्यावर रागही दिसू दिला नाही.

ट्वेन लिहितो की असं दृश्य त्यानं पन्नास वर्षांत पाहिलं नव्हतं. त्या एका ठोशानं तो आपल्या बालपणात गेला, अमेरिकेच्या दक्षिणेतल्या गुलामगिरीत. आपले वडील घरातल्या गुलाम मुलाला किरकोळ चुकीसाठी मारत, ते त्याला आठवलं. कामात काहीतरी चुकलं म्हणून एका माणसानं आपल्या गुलामाला खनिजाचा दगड फेकून मारला आणि तो गुलाम मेला, हे त्यानं लहानपणी डोळ्यांनी पाहिलं होतं. तेही आठवलं. मुंबईच्या हॉटेलातल्या खोलीत उभं राहून त्यानं आपल्या देशाचं पाप पाहिलं.

मी हे पान जेव्हा वाचतो तेव्हा मला वाटतं की वॉटसन हॉटेलच्या इतिहासाचा गाभा इथं आहे. दंतकथेतला अपमान दारात होतो आणि तो एका धनाढ्य उद्योगपतीचा असतो. म्हणून त्याला उत्तर म्हणून महाल उभा राहतो आणि आपली छाती फुगते. लिहून ठेवलेला अपमान आतल्या खोलीत होतो, दारापाशी गुडघे टेकून काम करणाऱ्या माणसाचा. त्याला उत्तर देणारं काही उभं राहिलं नाही. तो उठला असेल, दार लावलं असेल, दुसऱ्या खोलीत गेला असेल. त्याचं गाव कोणतं, कोकण की गोवा की घाट, हे ट्वेनलाही ठाऊक नव्हतं. आपण मात्र शंभराहून अधिक वर्षं त्या न घडलेल्या अपमानाबद्दल बोलत राहिलो आणि हा घडलेला अपमान पानांत राहू दिला.

ट्वेन गेला आणि त्याच वर्षी ७ जुलैला वॉटसनमध्ये ल्यूमिएर बंधूंचा सिनेमॅटोग्राफ आला. मारिउस सेस्तिए हा त्यांचा माणूस ऑस्ट्रेलियाला निघाला होता, वाटेत मुंबईला थांबला. तिकीट एक रुपया, संध्याकाळी सहापासून चार खेळ. सहा तुकडे दाखवले, त्यांतले काही असे. आगगाडी फलाटावर येते, कामगार कारखान्यातून बाहेर पडतात, मुलं समुद्रात उड्या मारतात, आणि एक भिंत पाडली जाते. लगेच १४ जुलैपासून खेळ नॉव्हेल्टी थिएटरात सुरू झाले. तिथं दर चार आण्यांपासून दोन रुपयांपर्यंत, आणि पडदानशीन स्त्रियांसाठी वेगळी सोय. माझ्या दृष्टीनं हिंदुस्थानातल्या सिनेमाचा जन्म वॉटसनच्या रुपयाच्या तिकिटात नाही, नॉव्हेल्टीच्या चार आण्यांत आहे. वॉटसनमध्ये त्याचं फक्त आगमन झालं.

त्या खेळांनी ज्यांना वेड लावलं त्यांत हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर होते. लोक त्यांना सावे दादा म्हणत. त्यांचा छायाचित्रणाचा व्यवसाय होता. त्यांनी विलायतेहून कॅमेरा मागवला, किंमत एकवीस गिनी. १८९९ मध्ये मलबार हिलवरच्या हँगिंग गार्डनमध्ये पुंडलिक दादा आणि कृष्णा न्हावी या पैलवानांची कुस्ती त्यांनी चित्रित केली. केंब्रिजहून रँग्लर होऊन परतलेल्या र. पु. परांजपे यांच्या स्वागताचं चित्रणही त्यांचंच. परदेशी यंत्र हाती आल्यावर या मराठी माणसाला आधी काय टिपावंसं वाटलं ते पाहा. कुस्ती, आणि गणितात पहिल्या आलेल्या आपल्या मुलाचं स्वागत! दादासाहेब फाळक्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ यायला अजून वेळ होता, १९१३ पर्यंतचा.

ताज उघडल्यावर वॉटसनचा बहर ओसरला. पुढं हॉटेल बंद झालं, जागा फोडून खोल्या आणि गाळे झाले, नाव बदलून एस्प्लनेड मॅन्शन झालं. हॉटेलांचे इतिहास इथं संपवण्याची पद्धत आहे. मला ती मान्य नाही, कारण या इमारतीचं अर्धं आयुष्य हॉटेल संपल्यानंतरचं आहे. कोर्ट जवळ, त्यामुळे वकिलांनी कचेऱ्या थाटल्या. त्यांच्या मागोमाग नोटरी आले, टंकलेखक आले, मुद्रांक विकणारे, चहावाले आले. नाचाच्या चौकात कागदांचे गठ्ठे आले. जिन्याच्या तोंडाशी नावांच्या पाट्या एकीवर एक चढल्या, रंग उडालेल्या पाटीखाली आणखी जुनी पाटी. मराठवाड्यातून किंवा कोकणातून खटल्याच्या तारखेसाठी आलेला पक्षकार पिशवी सांभाळत या जिन्यानं वर गेला, तेव्हा आपण कुठल्या जगप्रसिद्ध सांगाड्यात शिरतो आहोत याची त्याला कल्पना नव्हती. पण ज्या इमारतीत हिंदी माणसानं गुडघ्यांवर बसून काम केलं तिथं तो आपला हक्क मागायला चालला होता. या इमारतीचा हाही इतिहास आहे, आणि नाचगाण्याच्या इतिहासापेक्षा तो मला जवळचा वाटतो.

मग ती मोडकळीला का आली? लोखंड वाईट होतं म्हणून नाही. १९४७ मध्ये मुंबईत भाडे नियंत्रणाचा कायदा आला. त्याच्या नावातच भाड्याबरोबर हॉटेल आणि लॉजिंग हाऊस हे शब्द होते. प्रमाण भाडं सप्टेंबर १९४० च्या पातळीला बांधलं गेलं. दुसऱ्या महायुद्धानंतर, फाळणीच्या काळात, डोक्यावर छप्पर नसलेल्या लाखो माणसांना त्या कायद्यानं वाचवलं, हे विसरता कामा नये. पण तात्पुरता आणलेला बांध वर्षानुवर्षं तसाच राहिला. मिळणाऱ्या भाड्यात मालकाला गिलावासुद्धा परवडेना, भाडेकरूला जागा सोडणं परवडेना, आणि पावसाळा कुणासाठी थांबत नाही. समुद्राची खारी हवा, गळकी छतं, मोऱ्यांचं पाणी, भिंतीत रुजलेले पिंपळ. बिडाचा खांब दाब सोसतो, ताण सोसत नाही, आणि आतून गंज धरला तर बाहेरून रंग दिसतो, रोग दिसत नाही. १९९५ मध्ये मुंबईनं देशात पहिल्यांदा वारसा इमारतींसाठी नियमावली केली, त्यात या इमारतीला दुसऱ्या श्रेणीतली ‘अ’ जागा मिळाली. पण यादीत नाव आलं म्हणून दुरुस्तीचा पैसा येत नाही. २००५ मध्ये सज्ज्याचा भाग कोसळून एक माणूस गेला. त्याच वर्षी जागतिक स्मारक निधीनं जगातल्या धोक्यातल्या शंभर वास्तूंच्या २००६ च्या यादीत तिचं नाव घेतलं. २०१९ मध्ये उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर ती रिकामी करण्यात आली. मुंबई आयआयटीचा अहवाल ती पाडण्याच्या बाजूचा आला, वारसा जतन करणाऱ्या जाणकारांनी त्याला हरकत घेतली.

रस्त्यावरून जाणाऱ्या माणसाचा जीव इमारतीपेक्षा मोलाचा आहे, याबद्दल माझ्या मनात काडीचीही शंका नाही. पण पाडणं हा एकच इलाज आहे, हे मला पटत नाही, आणि त्याचं कारण ऑर्डिशच्याच दुसऱ्या कामांत आहे. त्याचा लंडनचा अल्बर्ट पूल १८७३ चा. वाहतूक वाढली आणि तो कमकुवत ठरला, तेव्हा १९७३ मध्ये मधोमध आधाराचे खांब घालून तो वाचवला. ज्याच्या छताच्या कामात तो होता त्या सेंट पँक्रस स्टेशनला लागून असलेलं मिडलँड ग्रँड हॉटेलही १८७३ चं. ते १९३५ मध्ये बंद पडलं, रेल्वेच्या कचेऱ्या झाल्या, पाडण्याची भाषा झाली. १९६७ मध्ये त्याला पहिल्या श्रेणीचं संरक्षण मिळालं आणि २०११ मध्ये तिथं पुन्हा हॉटेल सुरू झालं. बंद पडलेलं हॉटेल, मग कचेऱ्या, मग पाडण्याचं संकट, अगदी आपल्या वॉटसनचीच वाट. मधली पंचाहत्तर वर्षं कुणीतरी धीर धरला, एवढाच फरक.

आपल्याकडे पैसा कमी आहे हे कारण मी मानत नाही. काळा घोड्यावरचा मूळ पुतळा १९६५ मध्ये हलवला गेला आणि २०१७ मध्ये श्रीहरी भोसले यांनी घडवलेला स्वार नसलेला नवा घोडा तिथं आला. शहरानं तो हौसेनं बसवला. पन्नास पावलांवरच्या या सांगाड्यासाठीही तेवढीच आस्था हवी. वॉटसन पुन्हा हॉटेल व्हावं, असा माझा हट्ट नाही. ग्रंथालय होवो, वकिलांच्या कचेऱ्या पुन्हा होवोत, बांधकामशास्त्राचं संग्रहालय होवो. भिंती नव्यानं भराव्या लागल्या तर भराव्यात. ऑर्डिशनं त्या बदलता येतील अशाच केल्या होत्या. खांब आणि तुळया मात्र जागेवर राहिल्या पाहिजेत. ज्या खांबाला आधार लागेल त्याला पोलादाचा आधार द्यावा.

आणि निर्णय काहीही होवो, त्याआधी दोन कामं झालीच पाहिजेत. प्रत्येक खांब, प्रत्येक सांधा मोजून त्याचे नकाशे व्हावेत. जे. जे. स्कूलची स्थापत्य शिकणारी मुलं इथून फार दूर नाहीत, त्यांच्याकडून हे काम करून घ्यावं. दुसरं काम अधिक निकडीचं आहे. २०१९ मध्ये जे भाडेकरू बाहेर पडले त्यांच्यातल्या वयस्कर वकिलांना, टंकलेखकांना, जिन्याखाली चहा विकणाऱ्यांना गाठून त्यांच्या आठवणी ध्वनिमुद्रित कराव्यात. कोणत्या मजल्यावर काय होतं, चौकावरची काच कधी फुटली, जुनी लिफ्ट कुणी पाहिली, कोणत्या पावसाळ्यात पहिला सज्जा खचला, हे त्यांनाच सांगता येईल. या सभागृहात असं कुणी असेल, किंवा तुमच्या ओळखीत असेल, तर व्याख्यान संपल्यावर मला भेटल्याशिवाय जाऊ नका.